प्लास्टर राहिलंय!

ज्या इमारतीत मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, तिथे मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न पदार्थविज्ञानाचा नव्हता. "सर, प्लास्टर कधी होणार?" हा होता.

१९८७ सालची गोष्ट. नोकरीचा पहिला दिवस. बसस्टँडवरून रिक्षा केली. फाटकाशी रिक्षा थांबवून रिक्षावाल्याने मान तिरकी केली, इमारत खालून वर पाहिली आणि पाहुण्याच्या घरी आजारी माणूस निघावा तशा आवाजात म्हणाला, "काम चालू दिसतंय भो." इमारत तेव्हा तेरा वर्षांची होती. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मीही "हो, चालू आहे" म्हणालो. आत जाऊन पाहतो तर काम नव्हे, वर्ग चालू होते.

त्यानंतर हा प्रश्न मला पालकांनी विचारला, पोस्टमनने विचारला, मुलगी बघायला आलेल्या लोकांनी विचारला. ("नोकरी पक्की आहे ना हो तुमची? नाही म्हणजे, संस्थेला भिंती पुऱ्या करणं झालं नाही...") एका स्नेहमेळाव्यात सिमेंटची एजन्सी असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने व्यासपीठावर येऊन, डोळ्यांना रुमाल लावून जाहीर केलं, "माझ्या विद्यामंदिराची ही अवस्था मला बघवत नाही. गुरुदक्षिणा म्हणून दोनशे पोती!" केवढ्या टाळ्या. प्राचार्यही गहिवरले. मागाहून त्या पोत्यांत मुलींच्या वसतिगृहाचं कुंपण झालं. इमारत होती तशीच राहिली.

इमारत जळगावात आहे की धुळ्यात, हे मी सांगणार नाही. दोन गावांत नव्वद-एक किलोमीटरचं अंतर आणि तेवढाच अभिमान आहे. जळगावकर म्हणतील, आमच्याकडे सतरा मजली महापालिका आहे, असली अर्धवट कामं धुळ्यात होतात. धुळेकर म्हणतील, आमचं गाव इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्जने रेघा मारून वसवलं, असलं वेडंवाकडं जळगावातच शोधा. आणखी एक खुलासा. खान्देशात विद्यापीठ एकच, म्हणून उगाच गिरणेकाठी बांभोरीकडे बोट दाखवू नका. ते विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९०ला निघालं. २०१८पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. आमची इमारत त्या आवारातली नाही आणि वयाने त्याच्यापेक्षा मोठी आहे. ती बांधली तेव्हा आमचं महाविद्यालय पुणे विद्यापीठाला जोडलेलं होतं, आणि पेपर तपासायला पुण्याला जाणं ही आमची काश्मीरची सहल होती.

तर इमारत. एखाद्या राक्षसाच्या पोराने काँक्रीटचे खोके एकावर एक रचायला घेतले आणि मधेच त्याला आईने जेवायला हाक मारली, असं तिचं रूप. काही खोके पुढे आलेले, काही मागे गेलेले. खिडक्या खोल, ढोलीसारख्या. भिंतींना ना गिलावा ना रंग. शटरिंगच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे. लाकडातल्या गाठीसुद्धा मोजून घ्याव्यात. तळमजल्याच्या फरशीत ओल्या काँक्रीटवरून गेलेल्या एका कुत्र्याची चार पावलं आहेत. ती प्रवेशद्वाराच्या दिशेने जातात. एकतीस वर्षांत या इमारतीतून पहिल्या प्रयत्नात बाहेर पडलेला तेवढाच एक जीव मला ठाऊक आहे.

या सगळ्याला काही नाव असतं हे मला माहीत नव्हतं. ते माझ्या भाच्याने सांगितलं. तो पुण्यात आर्किटेक्चर शिकत होता. दिवाळीत आला, मी कौतुकाने कॉलेज दाखवायला नेलं. फाटकातून आत आल्याबरोबर पोरगं थबकलं. मग हळूहळू पुढे गेलं आणि भिंतीवर तळहात ठेवून उभं राहिलं.

"मामा, हे ब्रुटलिस्ट आहे!"

"नाही रे," मी घाईघाईने म्हणालो, "तसे सगळे चांगले लोक आहेत."

मग त्याने मला तिथेच, पार्किंगमध्ये, पाऊण तास शिकवलं. फ्रेंचमध्ये 'बेताँ ब्रू' म्हणजे कच्चं, उघडं काँक्रीट. ल कॉर्बुझिए नावाच्या वास्तुकाराने फ्रान्समध्ये मार्सेयला तीनशे सदतीस बिऱ्हाडांची एक प्रचंड चाळ बांधली. १९५२ साली ती पुरी झाली. काँक्रीट ओबडधोबड निघालं, फळ्यांचे ठसे उमटले, सांधे जुळले नाहीत. तेव्हा तो म्हणाला, राहू द्या, हेच सौंदर्य आहे. आमच्याकडचा प्रत्येक ठेकेदार हे वाक्य स्लॅब पडला की रोज म्हणतो. त्याला कोणी ल कॉर्बुझिए म्हणत नाही.

नावाची गंमत तर पुढेच आहे. १९५० साली स्वीडनमध्ये हान्स आस्प्लुंड नावाच्या वास्तुकाराने दोन सहकाऱ्यांच्या एका घराच्या आराखड्याची थट्टा करताना 'नवा ब्रुटलिझम' असा शब्द टाकला. तो शब्द इंग्लंडात गेला. तिथल्या तरुण वास्तुकारांनी तो मानाने मिरवला आणि १९५५ साली रेनर बॅनहॅम यांनी त्यावर मोठा निबंधच लिहिला. म्हणजे थट्टेत ठेवलेलं नाव पुढे सात-बाराच्या उताऱ्यावर लागावं, तसं झालं. आमच्या गावात 'बोंबल्या' नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांच्या तिसऱ्या पिढीने तेच नाव दुकानाच्या पाटीवर लावलंय. त्यामुळे मला हे लगेच पटलं.

आणि मग मला या शब्दाची बाधा झाली.

माणसाला पन्नाशीच्या आसपास एखादा नवा शब्द सापडला की तो इतरांच्या अंगावर धावून जातो. मी "प्लास्टर कधी?" या प्रश्नाची वाट बघू लागलो. कोणी विचारलं नाही तर मीच विषय काढू लागलो. केस कापताना न्हाव्याला कॉर्बुझिएचं चंदीगड सांगितलं. लग्नाच्या पंगतीत, वरण-बट्टीवर तुपाची धार पडत असताना, शेजारच्या गृहस्थांना अच्युत कानविंदे सांगितले. आचऱ्याचा माणूस हो, आपल्या कोकणातला, १९१६चा जन्म. जे. जे.त शिकले, पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली गेले आणि परत येऊन कानपूरची आयआयटी उभी केली. विटा आणि काँक्रीट, सगळं उघडं. आणि मुलांना उन्हातून जावं लागू नये म्हणून उंचावरून सावलीच्या वाटा! गृहस्थ ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "कोकणातले ना? मग तिकडे पावसाने प्लास्टर टिकत नसंल."

सगळ्यात मोठा घाव रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याने घातला. मुलाच्या प्रवेशासाठी आले होते. भिंतीकडे पाहून त्यांनी अपेक्षित प्रश्न विचारला. मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मार्सेयपासून सुरुवात केली. पदार्थाचं खरं रूप झाकू नये, काँक्रीट काँक्रीटसारखं दिसावं, इथे लपवाछपवी नाही, प्रामाणिकपणा हेच तत्त्व... त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग टोपी डोक्यावर नीट बसवत म्हणाले, "म्हंजे सायबानं प्लास्टरचं बिल काढलं असीन, अन् तुम्ही त्याले फ्रेंच नाव दिऊन राहिले."

यावर बॅनहॅम यांच्याकडे काय उत्तर होतं, मला माहीत नाही. माझ्याकडे नव्हतं.

बरं, बाहेरच्यांना निदान फक्त बघायची असते. आम्हाला तिच्यात राहायचं होतं. तत्त्व म्हणून काँक्रीट कितीही प्रामाणिक असो, त्यात खिळा जात नाही. हे मला पहिल्याच फेब्रुवारीत कळलं. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन, रामन यांच्या १९२८च्या शोधाचा. तो १९८७पासूनच साजरा होऊ लागला होता, म्हणजे प्रकरण ताजं होतं आणि मीही. मी पदरच्या पैशाने रामन यांची तसबीर फ्रेम करून आणली आणि विभागप्रमुखांना म्हणालो, "प्रवेशद्वारासमोर लावू."

"लावा," ते म्हणाले. म्हणताना ते हसले, ते का हे मला संध्याकाळी कळलं.

आमचे शिपाई मामा हातोडी घेऊन आले. पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसरा भिंतीला लागून असा उडाला की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून "कोण रे?" अशी आरोळी आली. मग मोठे खिळे आणले. ते वाकले नाहीत. हातोडीचा दांडा निघाला. तेवढ्यात प्राणिशास्त्राचे सर आले. त्यांनी सल्ला दिला, फळ्यांच्या दोन ठशांच्या मधली रेघ धरा, तिथे मऊ असतं. गणिताचे सर म्हणाले, कोन बदला. वनस्पतिशास्त्राच्या बाई म्हणाल्या, भिंत ओली करून बघा. ती कोरडी होती, ही जणू चूक! शेवटी सुतार आला, ड्रिल आलं. ड्रिलने अर्धा इंच आत जाऊन सळई गाठली, ठिणग्या पडल्या आणि फ्यूज उडून अख्ख्या विज्ञान शाखेची वीज गेली. प्रकाशाचं विकिरण कसं होतं ते रामन यांनी दाखवलं. प्रकाशाचं निर्गमन आम्ही दाखवलं.

विज्ञान दिन साजरा झाला. रामन वाळूच्या लाल बादलीवर, भिंतीला टेकून, उभे होते. पुढे तीसेक वर्षं ते तिथेच होते. शेवटी शेवटी मुलांना वाटायचं की आगीपासून बचावाचा शोध यांनीच लावला.

कॅलेंडर, वेळापत्रक, घड्याळ, सगळं या इमारतीत जमिनीवरून सुरू व्हायचं. स्टाफरूममधलं घड्याळ टेबलावर आडवं ठेवलेलं असे. वेळ बघायची तर त्याच्यावर वाकावं लागे, त्यामुळे उशिरा येणारा प्रत्येक प्राध्यापक आधी नमस्कार करूनच आत येतो असं बाहेरून दिसे.

आता ऊन. इमारतीचा आराखडा काढणारे वास्तुविशारद मुंबईचे होते. जागा पाहायला ते जानेवारीत आले होते, अशी दंतकथा आहे आणि माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. जानेवारीत खान्देश फार सभ्य असतो. सकाळी धुकट थंडी, शेतात हरभरा, दुपारी शेतावर भरीत-पुरीचा बेत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, त्यात ठेचा, वर कांद्याची पात. पाहुणे तृप्त होऊन आडवे झाले असणार आणि त्या तंद्रीत त्यांना वाटलं असणार की या प्रदेशाला ऊब हवी आहे.

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की आम्हाला त्या बेताची आठवण येई, पण वांग्याच्या बाजूने. काँक्रीटचा स्वभाव असा की ते ऊन लगेच आत सोडत नाही. दिवसभर पोटात ठेवतं आणि काही तासांनी, सावकाश, व्याजासकट खाली सोडतं. म्हणून सकाळच्या वर्गात बरं वाटे. दुपारी चारला, जेव्हा बाहेर जरा निवायला लागलेलं असे, तेव्हा स्लॅब आमच्यावर उतरे. उष्णतावहन शिकवताना मी मुलांना सांगे, "हात वर करा." करत. "कळलं?" "हो सर." धडा संपला.

माझ्या आजोबांचं घर धाब्याचं होतं. हात-दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट धाबं. आजोबा कोणत्याच कॉलेजात गेले नव्हते. पण त्या घरात मे महिन्यात दुपारी गोधडी शोधावी लागे. आजोबा एकदा माझं कॉलेज बघायला आले होते. गच्चीखालच्या वर्गात पाच मिनिटं बसले, उपरण्याने मान पुसली आणि म्हणाले, "आठे काय पिकाडतस?" मी म्हणालो, "विद्यार्थी." म्हणाले, "मंग बरोबर शे. केळी बी असीच पिकाडतस."

गच्चीचा मात्र समाजाला उपयोग झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आवारात राहणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या घरच्या बायका तिथे कुरडया आणि पापड वाळत घालत. सकाळी आठला पसरलेली कुरडई अकराला खडखडीत. विज्ञान इमारतीत निघालेला इतका बिनचूक निष्कर्ष माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

ऊन अडवायला खिडक्यांबाहेर काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या होत्या. ही कल्पनासुद्धा कॉर्बुझिएची, असं भाचा म्हणाला. आमच्याकडे त्या पट्ट्यांत पारव्यांनी संसार मांडले. प्रत्येक खणात एक कुटुंब. मार्सेयला तीनशे सदतीस बिऱ्हाडं असतील. आमच्याकडे नुसत्या दक्षिण बाजूला त्याहून जास्त होती आणि भाडं कोणाचंच येत नव्हतं. माझ्या तासाला पारवे एकसारखे हुंकार देत. नवीन मुलांना वाटे, सर विचारतात आणि सरच हुंकार भरतात.

पुढे आलेल्या खोक्यांच्या पोटाला दरवर्षी आग्या मोहोळ बसे. या माशांना उंच कडा लागतो, खाली मोकळी जागा लागते. त्यांनी आमची इमारत पाहिली आणि तिला सातपुड्याचा कडा समजल्या. सगळ्या जिल्ह्यात या वास्तूचं मर्म फक्त त्यांना कळलं, असं भाच्याचं मत. प्राणिशास्त्राचे सर खूश असत. बाकीचे आम्ही वार्षिक परीक्षेच्या काळात जिन्यावरून शिंक दाबून चालत असू. एकदा एका पर्यवेक्षकांनी कॉपी पकडली आणि उत्साहाच्या भरात "उभा राहा!" असं ओरडले. मुलगा उभा राहिला. मोहोळही उठलं. पुढची वीस मिनिटं कॉपी करणारा आणि पकडणारा एकाच बाकाखाली, एकाच सतरंजीत होते. बाहेर आल्यावर पर्यवेक्षक म्हणाले, "जाऊ द्या. आता आमची ओळख झाली."

पण ऊन, खिळे, माशा हे सगळं सोसता येतं. मला त्या इमारतीने खरं दुखावलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ती जखम अजून भरलेली नाही.

या इमारतीला मजले नव्हते, पातळ्या होत्या. प्रत्येक जिना अर्ध्यावर थांबून कुठे तरी जाई. तळमजल्यावरून सात पायऱ्या चढलं की भूगर्भशास्त्र. तिथून पाच पायऱ्या उतरलं की, तुम्ही म्हणाल, तळमजला. नाही, गणित. खोल्यांना क्रमांक होते, पण पहिला आकडा मजल्याचा, जिन्याचा की वास्तुविशारदांच्या मनातल्या एखाद्या गोष्टीचा, यावर स्टाफरूममध्ये दोन पंथ होते. एकदा एक धुळेकर परीक्षक प्रात्यक्षिक परीक्षेसाठी आले. (यावरून इमारत जळगावची ठरत नाही. धुळ्याचा माणूस धुळ्यातही परीक्षक असू शकतो.) ज्यांच्या गावात गल्ली नंबर चारनंतर मुकाट्याने गल्ली नंबर पाच येते, असे ते सरळमार्गी गृहस्थ. दहाला फाटकातून आत आले, नोंदवहीत सही आहे. साडेअकराला ते आम्हाला वरच्या एका खिडकीत दिसले. आम्ही हात केला, त्यांनी हात केला. आम्ही वर गेलो, ते नव्हते. आम्ही खाली पाहिलं तर ते खालून आमच्याकडे हात करत होते. परीक्षा शेवटी दीडला, जिन्यावरच, तोंडी झाली.

भाच्याला हे सांगितलं तर तो आनंदाने उडालाच. म्हणाला, शिकागोतल्या एका विद्यापीठाच्या आवारात वॉल्टर नेत्श यांनी १९६०च्या दशकात अशीच एक इमारत आखली. लोक तिच्यात इतके चुकतात की ती त्यासाठीच प्रसिद्ध आहे. "आणि मामा, ती कोणत्या विषयाची असेल? वर्तनविज्ञानाची!" म्हणजे भूलभुलैयात उंदीर सोडायचे, ते त्यांनी एक पायरी वर जाऊन प्राध्यापकच सोडले. मला बरं वाटलं. चुकण्यातसुद्धा आपण एकटे नाही आणि समोर शिकागो आहे, ही भावना वेगळीच असते.

तर जखम. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुख म्हणाले, "दोनशे चौदामध्ये तास घ्या." मी निघालो. कसा गेलो ते आठवत नाही. दोन जिने, एक बोळ, एक लोखंडी दार. दारावर २१४ होतं, आत मुलं होती. मी तासभर प्रकाशाचं व्यतिकरण शिकवलं. शेवटी एका मुलाने नम्रपणे सांगितलं की ते भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी आहेत. "मग आधी का नाही बोललात?" "सर, तुम्ही इतक्या लांबून आलेले दिसलात..." मी ओशाळून बाहेर पडलो आणि माझा डबा खिडकीच्या खोल कोनाड्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी डबा आणायला गेलो. २१४ सापडली नाही. २१३ सापडली, २१५ सापडली. दोन्हींच्या मध्ये भिंत होती, फळ्यांच्या ठशांची, अत्यंत प्रामाणिक. मामांना विचारलं. ते म्हणाले, "दोनशे चौदा? आहे ना. पण तशी जायला नाही सापडत. चुकून जावं लागतं."

नंतर मी अनेकदा मुद्दाम चुकून पाहिलं. मुद्दाम चुकण्यात तो नेम साधत नाही. बायकोने पहिली काही वर्षं रोज विचारलं, पुढे फक्त दिवाळीला आणि तिच्या माहेरचं कोणी आलं की. कारण डबा रुखवतातला होता.

मग २०१७ आलं आणि नॅकची मूल्यांकन समिती येणार असं ठरलं. समिती येणार म्हटलं की शिक्षणसंस्थेला मुलीकडचे लोक येणार असल्यासारखं होतं. झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरू लागतो. वर्षानुवर्षं कुलूपबंद ग्रंथालयात फुलदाणी येते. प्राचार्यांनी बैठक घेतली. विषय पहिला : विज्ञान इमारतीला प्लास्टर करणे.

मी उभा राहिलो. या क्षणासाठीच जणू नियतीने भाच्याला आर्किटेक्चरला घातलं होतं. मी चाळीस मिनिटं बोललो. आस्प्लुंड, बॅनहॅम, कानविंदे, कोणालाही सोडलं नाही. आदल्याच वर्षी, २०१६ साली, चंदीगडचं कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्याचं सांगितलं. "उद्या आपलीही जाईल!" असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली, ती आडव्या घड्याळावर बसली. शांतता पसरली. प्राचार्य हलक्या आवाजात म्हणाले, "सरांचे विचार इतिवृत्तात घ्या." मग ते ठेकेदाराकडे वळले. ठेकेदाराने सांगितलं की गुळगुळीत काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही, सगळ्या भिंतीला टाचे मारावे लागतील, मजुरी दुप्पट होईल. सभा दचकली. युनेस्कोने जे झालं नव्हतं ते मजुरीने झालं. प्लास्टर रद्द झालं. माझ्या मनात विजयाचा शंख वाजला, तोच प्राचार्य म्हणाले, "मग नुसता रंगच मारून घ्या."

रंग कोणता, यावर सभा दोन तास चालली. पिस्ता, खाली मरून पट्टा.

पंधरा दिवसांत इमारत पिस्त्याची झाली. फळ्यांचे ठसे आतून दिसतच होते, त्यामुळे लांबून ती लाकडाची आणि जवळून श्रीखंडाची वाटे. रंगाऱ्यांनी काम मन लावून केलं. पारव्यांच्या खणांत हात घालून रंगवलं. कुत्र्याची पावलं रंगवली. दारांवरचे खोल्यांचे क्रमांकही, एकसंध दिसावं म्हणून, रंगवून टाकले.

समिती आली. तिच्यातले एक वयस्क सदस्य इमारतीसमोर थांबले. माझ्या भाच्याने ठेवला होता तसाच त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. बोटांना पिस्ता लागला. ते म्हणाले, "ही तर ब्रुटलिस्ट इमारत आहे! अरेरे. हिला रंग द्यायचं कोणी सुचवलं?"

क्षणभर कोणी बोललं नाही. मग प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. "हे आमचे या विषयातले तज्ज्ञ," ते अभिमानाने म्हणाले, "सगळं यांच्याच मार्गदर्शनाखाली झालं."

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात मला रामन यांची तीच तसबीर भेट मिळाली. घरी मी ती लगेच भिंतीवर लावली. आमच्या घराला प्लास्टर आहे. हार-तुरे घेऊन फाटकाबाहेर आलो तेव्हा रिक्षावाल्याने इमारतीकडे मान तिरकी करून पाहिलं. "चला सर, तुम्ही जाता जाता प्लास्टर झालं म्हना."

"प्लास्टर नाही," मी म्हणालो, "नुसता रंग आहे."

"म्हंजे प्लास्टर राहिलंच," तो म्हणाला आणि त्याने मीटर न टाकता रिक्षा सुरू केली.

दारांवरचे आकडे पुसले गेल्यापासून आता चुकून जाणंही सोपं राहिलेलं नाही. तेव्हा या लेखाच्या निमित्ताने सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांना, रंगाऱ्यांना आणि परीक्षकांना एवढीच विनंती आहे. त्या इमारतीत वाट चुकून तुम्ही एखाद्या लोखंडी दाराच्या खोलीत शिरलात आणि खिडकीच्या कोनाड्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा दिसला, तर तो आमचा आहे. झाकणावर सासूबाईंचं नाव घातलेलं आहे आणि त्याखाली 'सप्रेम भेट'. डबा घरी आणून द्यावा, जाण्यायेण्याचा खर्च देऊ. आत भरीत आहे, ते आणू नये.